तिचा आवाज चढत नाही

कपाटांच्या रांगेमागे उभा राहून कॅप्टन गणवेशाचा टाय सोडत होता, तेव्हा पलीकडचं बोलणं त्याच्या कानावर आलं, पण अर्धंच. "अगं, सकाळी आजोबांबरोबर होतीस ना? मग ओरडायचं की सरळ!" हा घोगऱ्या. कंपनीतला तरणा को-पायलट, आवाज असा की विमानात घोषणा करायला लागला तर रडणारी पोरं गप्प होतात. मग थोडा वेळ काहीच नाही, नुसतं बेसिनमध्ये पडणारं पाणी. मग पुन्हा घोगऱ्या : "तुझं काही चुकलेलं नाही. बाईमाणसाचा आवाज त्यांना पोचतच नाही. सगळ्यांना माहितीय. आजोबांबरोबर ड्युटी लागली की आम्ही एक हात थ्रॉटलजवळच ठेवतो." पुन्हा काहीच नाही. त्या काहीच-नाहीमध्ये कुणीतरी बोलत होतं, चांगली दोन-चार वाक्यं बोलत होतं, हे कॅप्टनच्या हळूहळू लक्षात आलं. आणि त्याने कपाटाचं दार धरलं. आजोबा म्हणजे आपणच. एवढंच असतं तर तो हसला असता. त्यानेही तरुणपणी वरच्यांना यापेक्षा वाईट नावं ठेवली होती. पण समोरचा माणूस बोलतोय आणि आपल्याला नुसता नळ ऐकू येतोय, हे त्याने आज पहिल्यांदा रंगेहाथ पकडलं होतं. चोर पकडला आणि तो घरचाच निघाला.

ते दोघं गेल्याची खात्री होईपर्यंत तो तसाच उभा राहिला. लपल्यासारखा. चार पट्ट्यांचा शर्ट अंगात, आणि शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा दाराआड. मग त्याने साधा कोट चढवला, कारण दुपारी समितीसमोर बोलायचं होतं. वैमानिकांचं निवृत्तीचं वय पासष्टावरून सदुसष्ट करावं की नाही, यावर सरकारने समिती नेमली होती, आणि ज्येष्ठांच्या बाजूने बोलायला संघटनेने एकमताने त्याचं नाव दिलं होतं. "तुमच्यासारखा माणूस उभा केला की निम्मी लढाई जिंकली," असं सचिव म्हणाला होता. ताठ कणा, भरघोस पांढरे केस, आणि नोकरीत एकही ओरखडा नाही. कॅप्टनला स्वतःलाही ते पटलं होतं. त्याला अडीच महिन्यांनी पासष्ट पूर्ण होणार होती.

गाडीत मागे बसल्यावर सकाळ पुन्हा समोर आली. ती त्याने उतरल्या उतरल्या नीट घडी घालून ठेवून दिली होती. उतरताना धावपट्टी समोर स्वच्छ दिसत होती, वारा बाजूने होता, आणि तो आपल्या हातांवर खूश होता. उजव्या कानावरचा हेडफोन त्याने जुन्या सवयीने मागे सरकवला होता. त्याच्या पिढीचे सगळे असंच बसायचे, एक कान रेडिओला आणि एक शेजाऱ्याला. शेजारी ती मुलगी होती. मुलगी म्हणजे चांगली पस्तिशीची बाई, कॅप्टन होण्याच्या उंबरठ्यावरची, पण त्याच्या तोंडी मुलगीच बसलं होतं. आणि अचानक त्याच्या हाताखाली थ्रॉटल, इंजिनांचा जोर वाढवायचा दांडा, सरकला होता. त्याच्या बोटांवर तिची बोटं होती आणि ती जोर लावून पुढे ढकलत होती. इंजिनांनी हुंकार भरला, विमानाचं नाक सावरलं, आणि मग त्याने वेगाचा आकडा पाहिला. तो आकडा आणखी काही क्षण तसाच उतरू दिला असता, तर धावपट्टीच्या अलीकडच्या गवतात काय झालं असतं, हे सांगायला कुठल्याच समितीची गरज नव्हती. विमान मऊ टेकलं. मागे कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. ती म्हणाली होती की तिने तीनदा 'स्पीड' म्हटलं. आणि तो म्हणाला होता, "जरा मोठ्याने बोलत जा. गळ्यातल्या गळ्यात बोलून चालतं का इथे?"

"सॉरी सर," ती म्हणाली होती. हे मात्र त्याला ऐकू आलं होतं. म्हणजे ऐकू आलं होतं की ओठांवरून कळलं होतं?

सिग्नलला गाडी थांबली. खिडकीबाहेर एक बाई फोनवर भांडत होती, हातवारे करून, तोंड उघडून, आणि काचेमुळे तिचा आवाज येत नव्हता. कॅप्टनने पटकन काच खाली केली. रस्त्याचा गोंगाट आत आला, हॉर्न आले, ट्रकचा घरघराट आला. बाई मात्र तेवढीच मुकी राहिली. त्याने काच वर केली. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं तसा तो उगीच घड्याळ बघू लागला. घरातही हे असंच चाललंय का? त्याच्या बायकोची हाक म्हणजे, चारचौघींसारखीच, "अहो, ऐकलंत का?" त्यावरून लग्नाच्या नव्या नवलाईत तो तिला चिडवायचा, की ऐकल्याशिवाय सुटका आहे का. ती हाक बंद होऊन किती दिवस झाले? आता ती खोलीतून हाक मारत नाही. हातातलं काम टाकून येते, त्याच्या समोर उभी राहते, तो वर बघेपर्यंत थांबते आणि मग बोलते. त्याला वाटायचं, वयाबरोबर बायको शांत झाली. परदेशातल्या लेकीचा फोन आला की तो म्हणायचा, "तुमच्याकडची लाइन खराब आहे, आईशी बोल." लेकीने दोनदा फोन बदलला. त्याने तिला तिसरा घ्यायला सांगितलं होतं.

आणि मग ती गोष्ट आली, जिच्यापासून तो अख्खा रस्ता तोंड फिरवत होता. मागच्या हिवाळ्यात प्रशिक्षण-प्रमुखाच्या केबिनमध्ये चहा घेताना त्या मुलीचा विषय निघाला होता. तिला डाव्या सीटवर बसवायचं होतं, कॅप्टन करायचं होतं. सगळ्या परीक्षा झाल्या होत्या आणि ज्येष्ठांचं मत तेवढं बाकी होतं. कॅप्टन म्हणाला होता, "हात चांगला आहे. डोकं थंड आहे. पण तिचा आवाज चढत नाही. अडचणीच्या वेळी कॉकपिटमध्ये जरब लागते. अजून थोडी मुरू दे." प्रमुख त्याला मानायचा, त्यामुळे त्याने मान डोलावली. तिचं प्रमोशन पुढच्या तुकडीवर गेलं. कॅप्टनने बिस्किट चहात बुडवलं होतं आणि आपण फार न्यायाने बोललो, आधी गुण सांगितले आणि मग दोष, असं त्याला वाटलं होतं. त्या शब्दांची चव आत्ता तोंडात आली, ओलं बिस्किट कपात गळून पडावं तशी. आवाज चढत नाही. कुणाचा? कुठे चढत नाही?

मग परत फिरावं, असं त्याच्या मनात आलं. ड्रायव्हरला सांगावं, बरं वाटत नाही. पण गाडी थांबली होती आणि संघटनेचा सचिव पायऱ्यांवरून धावत येत होता. घामाघूम, उत्साही, आणि सुदैवाने मोठ्या आवाजाचा. "या, या! हाउसफुल आहे आत. तरुणांची टोळीही आलीय. ते म्हणतात, म्हातारे उठत नाहीत म्हणून आम्हाला खुर्ची मिळत नाही. तुम्ही आज असं काही बोला की त्यांची बोलतीच बंद झाली पाहिजे." कॅप्टनच्या खांद्यावर त्याचा हात होता. त्या हाताने तो आत ढकलला गेला. परत फिरणं जमलं नाही, असं त्याने नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण खरं म्हणजे दिव्यांच्या उजेडात, माना वळताना, त्याला परत फिरावंसंच वाटलं नव्हतं. घरी बसलेले त्याचे दोस्त त्याने पाहिले होते. त्याचा बॅचमेट रोज संध्याकाळी बागेत येऊन आज वारा कुठून आहे ते अनोळखी माणसांना सांगायचा, आणि माणसं बाक बदलायची.

तो बोलला. आणि वाईट म्हणजे, फार छान बोलला. "ढगातून खाली येताना कुणी केसांचा रंग विचारत नाही, साहेब. या हातांना किती वेळा वाट सापडलीय, तेवढंच विचारतात." सभागृहात हशा, टाळ्या. वैमानिक कमी आणि विमानं जास्त, अशी वेळ आल्याचं त्याने सांगितलं. तपासण्या आहेतच, त्यात जो नापास होईल तो तिशीतही घरी जाईल, मग वाढदिवसालाच का शिक्षा, असं त्याने विचारलं. यातलं काहीही खोटं नव्हतं. मग अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं, "कॅप्टन, एक सरळ प्रश्न. अलीकडे कधी तुमची चूक शेजारच्या कनिष्ठाला सावरावी लागली?" अध्यक्षांचा आवाज चांगला खर्जातला होता. प्रश्न शब्दन् शब्द ऐकू आला. ऐकू आला नसता तर किती बरं झालं असतं. कॅप्टनने किंचित हसून खाली पाहिलं, जणू नम्रतेने, आणि म्हणाला, "माझ्या शेजारी बसणारा मला बेधडक टोकू शकतो, हीच माझी कमाई आहे. पण अजून तरी कुणावर ती वेळ आलेली नाही." टाळ्या पुन्हा पडल्या. आपल्या बोटांवर दुसरी बोटं आहेत असं त्याला वाटलं, म्हणून त्याने हात टेबलाखाली घेतले.

तो जागेवर येऊन बसला तेव्हा ती उभी राहत होती. ती इथे असेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. तरुणांच्या बाजूने तिचं नाव होतं. सकाळची ड्युटी करून, गणवेशातच, ती थेट इथे आली होती. ती माइकपाशी गेली आणि बोलू लागली. कॅप्टनला दिसत होतं ते एवढंच : पातळ ओठ, मानेवर ताणलेली शीर, कागद नसलेले हात. माइक तिच्यापासून थोडा लांब होता. सगळं सभागृह ऐकत होतं. मागे कुणीतरी खोकलं, ते त्याला ऐकू आलं. पंख्याची घरघर ऐकू आली. ती बोलत राहिली आणि त्याच्यापर्यंत फक्त स-स-स असं काहीतरी, वाळू चाळल्यासारखं, येत राहिलं. मग अध्यक्षांचा खर्ज : "तुम्ही बऱ्याच ज्येष्ठांबरोबर उडता. आज सकाळीही उडालात, असं दिसतंय. वयामुळे झालेली एखादी चूक तुम्ही स्वतः पाहिलीय का?" तिने कॅप्टनकडे पाहिलं. नीट, सरळ पाहिलं. त्याने नजर काढून घेतली नाही, कारण तेवढीही ताकद उरली नव्हती. तिचे ओठ हलले. अगदी थोडं. एक शब्द, फार तर दोन. सभागृहात कुजबुज झाली, तरुणांच्या रांगेत घोगऱ्याने कपाळावर हात मारला, अध्यक्षांनी काहीतरी लिहून घेतलं आणि ती जाऊन बसली.

माझ्याबद्दल भर सभेत काय बोललं गेलं, ते सगळ्यांना माहीत आहे, फक्त मला नाही. तो सचिवाकडे झुकला. विचारावंच लागलं. "काय म्हणाली ती?"

"अहो, 'नाही' म्हणाली!" सचिव त्याच्या कानाशी फुटलाच. "त्यांचीच साक्षीदार, आणि म्हणते पाहिली नाही! जिंकलो आपण. ऐकलं नाहीत का तुम्ही?"

बाहेर जिन्याच्या वळणावर त्याने तिला गाठलं. माणसं खाली उतरत होती, त्याचे हात हातात घेत होती, अभिनंदन करत होती, आणि प्रत्येक हात सोडवून घेताना तो आणखी लहान होत होता. ती त्याच्यासाठी थांबली. त्याने विचारलं, "खोटं का बोललीस?" ती काहीतरी म्हणाली. तो नुसता बघत राहिला. तेव्हा ती एक पायरी वर चढली, त्याच्या उजव्या कानाशी आली आणि बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं, शब्द सुटे करून, मोठ्याने म्हणाली, "तुम्ही समोर बसला होतात. पेपरवाले होते. माझ्या तोंडून निघालं नाही." खाली उतरणारी दोन माणसं वळून बघू लागली. "मला वाटलं होतं, तुम्ही स्वतःच सांगाल. मी वाट बघत होते, सर."

"हळू," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो तिला हळू बोल म्हणाला होता.

ती थोडी मागे सरली, पण आवाज तसाच ठेवला. आता तो घोगरा होत चालला होता. "मी क्लास लावलाय, माहितीय? आवाजाचा. तुम्ही म्हणालात ना, चढत नाही, प्रमुखांनी तेच कारण सांगितलं मला. नाटकवाली एक बाई आहे, ती शिकवते. रोज दार लावून ओरडते मी. शेजारचे भांडायला आले. आई म्हणते, घसा बसेल कायमचा. मिठाच्या गुळण्या, हळदीचं दूध, सगळं झालं. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे." तिने खाकरून घसा मोकळा केला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर त्याला बरं वाटलं असतं, काहीतरी समजूत घालता आली असती. "आज घोगऱ्याने सांगितलं तेव्हा कळलं. सगळ्यांना माहीत होतं, सर. मला वाटतं, मुलींनाच कुणी सांगितलं नव्हतं." मग बॅग खांद्यावर घेत ती म्हणाली, "उद्याची फ्लाइट मी बदलून घेतलीय. तुमच्या शेजारी नाही बसणार मी. तिथे नाही म्हणाले, ते तुमच्या मानासाठी. पण मागे माणसं बसलेली असतात."

ती उतरून गेली. त्याला तिची माफी मागायची होती. 'माझ्यामुळे' एवढाच शब्द त्याच्या जिभेवर तयार झाला होता. पण इतक्यात कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तो वळून, सवयीने, हसला. त्या हसण्याची लाज त्याला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटली, आणि ती पुढे कधी कमी झाली नाही.

तो कंपनीत परतला तेव्हा प्रशिक्षण-प्रमुख अजून केबिनमध्येच होता. कॅप्टन उभ्यानेच म्हणाला, "मला उद्याच्या ड्युटीवरून काढ." प्रमुख हसला. "दमलात? भाषण गाजलं म्हणे. आजारी लिहू का? दोन दिवस आराम करा." आजारी. किती सोपा, मऊ शब्द होता तो. आजारी पडून अडीच महिने काढता आले असते. मग हार, केक, कॉकपिटमधला शेवटचा फोटो. तो शब्द घ्यायला त्याची मान जवळजवळ हललीही. मग तो म्हणाला, "आजारी नाही. ऐकू येत नाही मला. सकाळी तिने तीनदा सांगितलं, मला एकदाही ऐकू आलं नाही. तिने हात घातला म्हणून उतरलो." प्रमुखाने उठून दार लावलं. "बसा. आणि हे बोललात ते इथेच राहू द्या. आज तुम्ही तिथे काय सांगून आलात, आठवतंय ना?"

"आठवतंय. आणि हिवाळ्यात तुला काय सांगितलं होतं, तेही आठवतंय. तिचा आवाज ठीक आहे. कान माझा गेलाय. तिची तुकडी माझ्यामुळे गेली."

प्रमुखाने पेनला टोपण लावलं. "तुकडी गेली ती गेली. पुढच्या वेळी बघू," तो म्हणाला. एका बाईचं वर्ष अशा रीतीने दोन वाक्यांत मिटलं, आणि ते मिटवणारी माणसं तीच होती.

सचिवाला त्याने तिथूनच फोन केला. माझं म्हणणं मागे घ्यायचंय, अध्यक्षांना सांग. सचिव आधी हसला, मग ओरडला. "एकटे तुम्ही बहिरे झालात म्हणून बाकीच्यांनी घरी बसायचं का? धडधाकट माणसं आहेत आपल्यात!" त्यातही तथ्य होतं. पण तो निरोप पोचवणार नाही हे ओळखून कॅप्टनने अध्यक्षांच्या कार्यालयात स्वतः जाऊन चार माणसांसमोर सांगितलं, जे सांगताना त्याला स्वतःचाच आवाज फार मोठा वाटला. कारकुनाने ते टिपून घेतलं. पण तोवर पेपरात त्याचा फोटो आला होता, खाली ते केसांच्या रंगाचं वाक्य. वय वाढवायची शिफारस पुढे झाली, आणि त्याचं वाक्य लोकांच्या तोंडी राहिलं. मागे घेतलेलं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. बायकोला सांगितलं तेव्हा ती समोर येऊन उभी राहिली, तो वर बघेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माहितीय आणि तुम्हाला ते बोलायचं नाहीये. म्हणून मी गप्प बसले." किती माणसं आपल्याला सांभाळत होती, आणि आपण त्याला मान समजत होतो.

तपासणीला तो स्वतःहून गेला. काचेची छोटी खोली, भिंतींना स्पंज, कानांवर जड हेडफोन, हातात बटण. बाहेर यंत्रापाशी तपासणारी बाई. आवाज आला की बटण दाबायचं. दर वर्षी इथे तो पास झाला होता, आणि कसा झाला होता हे त्याने स्वतःलाही कधी शब्दांत सांगितलं नव्हतं : बाईने कळ दाबली की तिचं कोपर किंचित हलायचं, ते काचेतून दिसायचं. तो त्याला फसवणूक म्हणत नसे. तो म्हणे, लक्ष आहे माझं. आज आत गेल्यावर त्याने खुर्ची उचलून फिरवली आणि काचेकडे पाठ करून बसला. बाई काहीतरी म्हणाली असावी. त्याने वळून पाहिलं नाही.

सुरुवातीला लांबवर भोंगा वाजावा तसे काही ठोसर आवाज आले. त्याने बटण दाबलं. आणखी एक आला, जरासा बारीक. दाबलं. मग शांतता. त्याने अंगठा बटणावर तसाच ठेवला आणि समोरच्या स्पंजच्या भोकांकडे बघत राहिला. आता येईल. आता येईल. एकदा काहीतरी वाजल्यासारखं वाटलं, अंगठा हललाही, पण ते आपलं मनच, हे कळून त्याने तो आवरला. बाई कागद बदलत असेल. कुणीतरी बोलवायला आलं असेल. तो धीराने बसून राहिला, पाठ ताठ, डोळे मिटलेले, सगळा जीव कानांत गोळा करून.

खांद्यावर हात पडला तेव्हा तो दचकला. बाई पुढे येऊन, वाकून, त्याच्या चेहऱ्यासमोर उभी होती. त्याने हेडफोन काढले.

"मध्येच थांबलात का?" तो म्हणाला. "करा ना सुरू. मी तयार आहे."

तिने क्षणभर त्याच्या हातातल्या बटणाकडे पाहिलं, आणि मग ओठ नीट उघडत, सावकाश म्हणाली, "झालं सगळं, कॅप्टन."